वसंतातलं काळं अस्वल: पाठीवर सॅक टाकून आयडाहोच्या डोंगरात

पहिल्या वर्षी मी चार दिवस डोंगर तुडवला. तीन सोंडा चढलो-उतरलो, दोन फुगलेले ओढे ओलांडले, मांडीपर्यंत बर्फात रुतलो, आणि पाहिलं काय, तर अस्वलाची ताजी विष्ठा. दुसऱ्या वर्षी गुडघा दुखत होता म्हणून एकाच कातळावर अडीच दिवस बसून राहिलो. पाच अस्वलं दिसली. या शिकारीत पाय लागतात ते बसायच्या जागेपर्यंत पोहोचायला आणि नंतर ओझं खाली आणायला. मधलं सगळं काम डोळ्यांचं असतं.

बॉइझी आणि आसपास राहणाऱ्या, सह्याद्रीत भरपूर भटकलेल्या, पण बंदूक कधी हातात न धरलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. सोंड, घळ, धार, घसारा हे शब्द तुम्हाला सांगावे लागत नाहीत, हा मोठाच फायदा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि मेळघाट-ताडोबातलं आपलं अस्वल ही जातच वेगळी. इथलं काळं अस्वल उत्तर अमेरिकेत मुबलक आहे. त्याचा हंगाम कुठे किती दिवस चालायचा, ते प्रत्येक राज्य ठरवतं. वसंतातली शिकार सगळ्यांना मान्य आहे असंही नाही. कोलोरॅडोत १९९२ साली मतदारांनी ती बंद केली, वॉशिंग्टन राज्यात २०२२ मध्ये तिथल्या वन्यजीव आयोगाने. मुख्य आक्षेप असा की या दिवसांत मादीबरोबर लहान पिल्लं असतात. आक्षेप पोकळ नाही. म्हणूनच या लेखात गोळी झाडण्याबद्दल थोडं आणि न झाडण्याबद्दल जास्त आहे.

(घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकू नका. मी टाकला होता. मावशी अजून बोलत नाही.)

आधी कागद

तुम्ही एच-१बी किंवा एच-४ वर असाल तर इथेच थांबून नीट वाचा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, एक काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एकच: कुठल्याही राज्याने दिलेला, चालू मुदतीचा शिकार-परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. आता यातली मेख बघा. आयडाहोचा वार्षिक परवाना ३१ डिसेंबरला संपतो. म्हणजे डिसेंबरात सुट्टीवर पुण्याला गेलात आणि परवाना नवा करायला विसरलात, तर १ जानेवारीपासून घरच्या कपाटातली रायफल तुम्हाला गोत्यात आणू शकते. बंदूक विकत घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोला. त्याची फी रायफलीपेक्षा कमी असते.

१ जानेवारी १९७५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकारीचं प्राथमिक प्रशिक्षण, ज्याला इथे ‘हंटर एज्युकेशन’ म्हणतात, पूर्ण केल्याचा दाखला लागतो. तो कोर्स मन लावून करा. कुंपण ओलांडताना बंदूक कशी ठेवायची, असल्या बाळबोध वाटणाऱ्या गोष्टीच पुढे जीव वाचवतात. परवान्याव्यतिरिक्त अस्वलाचा टॅग, म्हणजे एका अस्वलापुरती परवानगी देणारी आणि मारल्यावर त्याला लावायची चिठ्ठी, वेगळा घ्यावा लागतो. हंगाम बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलच्या आसपास उघडतो, पण तो मे अखेरीला संपतो की जूनमध्ये, हे विभागागणिक बदलतं. वन्यजीव खात्याची नियमपुस्तिका दर वर्षी नव्याने वाचा. मागच्या वर्षीची पाठ असणं धोक्याचं.

आयडाहोत बऱ्याच विभागांत आमिष ठेवून आणि कुत्रे लावूनही अस्वलाची शिकार कायदेशीर आहे. शेजारच्या मोंटानात आमिषाला बंदी आहे. मी दोन्हींच्या वाटेला गेलो नाही. इथे लिहितो आहे ती पद्धत तिसरी: लांबून शोधायचं, निरखायचं, मग जवळ जायचं.

हिरव्या रेघेच्या मागे

अस्वल शीतनिद्रेतून उठतं तेव्हा ते शिकारी प्राणी कमी आणि गाय जास्त असतं. महिनोन् महिने पोटात काही गेलेलं नसतं. पहिले काही आठवडे ते कोवळं गवत, क्लोव्हर, डँडेलियन, बर्फाच्या कडेला उगवणारी पिवळी ग्लेशियर लिली असलं काहीबाही चरत राहतं. थंडीत मेलेलं एखादं एल्क, म्हणजे इथलं सांबरासारखं मोठं हरीण, सापडलं तर त्याची चंगळ. एल्कची पाडसं जन्मू लागली की तीही खातं. पण तुम्ही गवत शोधा.

उतार कुठला, यावर सगळं ठरतं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन जास्त, तिथला बर्फ आधी वितळतो, तिथे गवत आधी येतं. खोऱ्याच्या तळाशी एप्रिलमध्येच हिरवं होतं आणि ती हिरवी रेघ आठवड्या-आठवड्याने वर सरकत जाते. सॅमन नदीच्या खालच्या खोऱ्यात किंवा हेल्स कॅन्यनच्या उतारांवर एप्रिलअखेर दोन-तीन हजार फुटांवर जे दृश्य असतं, तेच मे संपताना पाच-सहा हजार फुटांवर दिसतं. अस्वलं या रेघेच्या मागोमाग वर चढतात. तुम्हीही चढायचं. हिमलोटांनी झाडं साफ केलेल्या घळी, जुन्या वणव्यात जळलेले उतार आणि लाकूडतोडीचे बंद पडलेले रस्ते, ज्यांवर आता क्लोव्हर माजलेलं असतं, या तीन जागा नकाशावर आधी खुणा करून ठेवा.

उठण्याचा क्रमही ठरलेला असतो. मोठे नर सगळ्यांत आधी बाहेर येतात, मग एकट्या माद्या, आणि त्या हिवाळ्यात जन्मलेली पिल्लं घेऊन येणारी मादी सगळ्यांत शेवटी. पिल्लं जानेवारी-फेब्रुवारीत बिळातच जन्मतात. मेच्या उत्तरार्धात समागमाचा काळ सुरू होतो. नर मग चरणं सोडून माद्यांच्या मागावर मैलोन् मैल भटकायला लागतात. नवख्याने मेचा मधला पंधरवडा धरावा. रस्त्यांवरचा बर्फ बराच हटलेला असतो, दिवस मोठा असतो (बॉइझीत मेच्या मध्याला सूर्य रात्री नवाच्या सुमारास मावळतो), आणि कातडं अजून चांगलं असतं. जूनमध्ये अस्वल झाडांना अंग घासघासून केसांचे पुंजके घालवून बसतं.

जागेचं म्हणाल तर सॅमन, क्लिअरवॉटर, लॉक्सा, सेलवे या नद्यांची खोरी. फ्रँक चर्च–रिव्हर ऑफ नो रिटर्न हे १९८० साली राखीव झालेलं रान जवळजवळ २४ लाख एकरांचं आहे आणि त्यात मोटार चालत नाही. पहिल्याच वर्षी तिथे आत घुसू नका. गाडीपासून पाच-सहा किलोमीटरवर, उतरताना पाठीवर ४० किलो असेल हे गृहीत धरून जागा निवडा. नकाशावर एका इंचात मावणारी घळ ओझ्यासकट अर्धा दिवस खाते.

काळं अस्वल काळंच असतं असं नाही

नाव काळं अस्वल, पण या पश्चिमेकडच्या डोंगरांत ते तपकिरी, दालचिनीच्या रंगाचं, अगदी पिवळट भुऱ्या रंगाचंही असतं. आणि ग्रिझली, ही इथली अस्वलाची दुसरी, मोठी जात, कधीकधी जवळजवळ काळं दिसतं. ग्रिझलीला मुख्य भूमीवरच्या ४८ राज्यांत १९७५ पासून संघीय संरक्षण आहे. ते चुकून मारणंही फार महागात पडतं. आयडाहोच्या उत्तर टोकाला आणि पूर्वेला यलोस्टोनच्या बाजूला त्याचा वावर आहे. पण ‘आमच्या भागात ग्रिझली नाही’ या वाक्यावर भरवसा ठेवू नका. २००७ साली क्लिअरवॉटरच्या उत्तर फाट्याच्या परिसरात, जिथे ते असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं, तिथे एका शिकाऱ्याने काळं अस्वल समजून ग्रिझली मारलं होतं.

रंग विसरा, आकार बघा. ग्रिझलीच्या खांद्यावर मदार असते. काळ्या अस्वलाच्या खांद्यावर ती नसते आणि त्याचं ढुंगण खांद्यापेक्षा उंच किंवा बरोबरीला असतं. ग्रिझलीचा चेहरा कपाळापासून नाकापर्यंत बशीसारखा खोलगट, काळ्याचा बाजूने सरळ. ग्रिझलीचे कान आखूड आणि गोल, काळ्याचे डोक्याच्या मानाने उंच. पुढच्या पंजाची नखं लांब आणि फिकट दिसली तर ग्रिझली. काळ्याची आखूड, गडद आणि आकड्यासारखी, झाडावर चढायच्या कामाची. यातल्या एका खुणेवर कधीच जाऊ नका, कारण मान खाली घालून चरणाऱ्या काळ्या अस्वलालाही मदार असल्यासारखी दिसते. मोंटानात अस्वलाचा परवाना काढण्याआधी ओळखीची परीक्षा पास व्हावीच लागते. तुम्ही आयडाहोत शिकार करणार असलात तरी ती ऑनलाइन परीक्षा देऊन बघा. मी पहिल्या फेरीत दोन चुकलो होतो.

सॅकमध्ये काय

ट्रेकची नेहमीची सॅक इथे पुरत नाही. बाहेरून फ्रेम असलेली, पिशवी आणि फ्रेम यांच्यामध्ये मांस बांधता येईल अशी सॅक घ्या. रायफल सोडून तीन रात्रींचं सामान पाण्यासकट १८-२० किलोत बसवा. वजन वाचवायचं ते कपड्यांत. दुर्बिणीत नाही.

दुर्बीण दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची, म्हणजे दुकानात जिला ‘टेन बाय फॉर्टी-टू’ म्हणतात ती. आणि हलका तिपाय. तिपायाला लोक नाक मुरडतात, पण हातात धरलेल्या दुर्बिणीने तुम्ही दहा मिनिटं बघाल आणि तिपायावरच्या दुर्बिणीने दोन तास. हा फरक मला दुखऱ्या गुडघ्याच्या वर्षी कळला. सोबत्याकडे मोठी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची जास्त ताकदीची दुर्बीण, असली तर उत्तम. बसायला फोमचा तुकडा, कारण ओल्या कातळावर दीड तासानंतर बुड जे सांगतं तेच माणूस ऐकतो.

बाकी यादी तुम्ही करालच. थोडं असं जे यादीत राहून जातं: मांस ठेवायच्या चार-पाच जाळीदार कापडी पिशव्या, दोन सुऱ्या किंवा बदलत्या पात्यांची एक, दहा-पंधरा मीटर पातळ दोरी, पातळ हातमोजे, दोन हेडलॅम्प, सॅटेलाइट मेसेंजर, फोनमध्ये उतरवून घेतलेले नकाशे, आणि बेअर स्प्रे, म्हणजे अंगावर येणाऱ्या अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा. स्प्रे सॅकच्या खिशात नको, छातीवर किंवा कमरेला. तो नऊ-दहा मीटरपर्यंतच कामाचा असतो आणि त्या अंतरावर सॅक उघडायला वेळ मिळत नाही.

खाणं आपलंच बरं. दशम्या तीन दिवस टिकतात, चिवडा कितीही दिवस, आणि गरम भातावर मेतकूट घातलं की बर्फाळ रात्रसुद्धा बरी जाते. पण या सगळ्याला वास आहे. रात्री खाणं तंबूपासून लांब, जमिनीपासून दहा फूट वर आणि खोडापासून चार फूट दूर टांगा. तंबू ज्या उतारावर नजर ठेवायची आहे त्याच्यासमोर उघड्यावर ठोकू नका. धारेच्या मागे ठोका.

तयारीसाठी बॉइझीकरांना टेबल रॉक आहेच. सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून वर चढा आणि माथ्यावर पाणी ओतून द्या, म्हणजे उतरताना गुडघे वाचतात.

बसा

दक्षिणाभिमुख उतार बघायचा म्हणजे तुम्ही त्याच्यासमोरच्या, उत्तराभिमुख सोंडेवर बसणार. तिथे सावली, बर्फ, थंडी. त्याच्या बदल्यात सूर्य पाठीशी असतो आणि समोरचा उतार उजळलेला. मधलं अंतर हजार यार्डांपर्यंत असलं तरी चालतं. तुम्ही शोधताय, नेम धरत नाही.

सकाळी अस्वल दिसतं, पण या दिवसांत ते लवकर उठणारं जनावर नाही. दुपारी तीन-चारनंतर उतार जागा होतो आणि शेवटचे दोन तास सोन्याचे. थंडीने काकडून, ‘चला आता खिचडी टाकू’ असं वाटतं ना, नेमके तेच तास. कायद्याने सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते.

बघायचं कसं? आधी नुसत्या डोळ्यांनी सगळा उतार. मग दुर्बीण लावून मोकळी हिरवी कुरणं. मग झाडांच्या कडा. मग आडव्या पट्ट्यांनी, डावीकडून उजवीकडे, दुर्बीण थांबवून, नजर त्या गोलात फिरवून. दुर्बीण सरकवत बघितलं की काही दिसत नाही. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. ‘तो भाग बघून झाला’ हे वाक्य या शिकारीत नाही. अस्वल झाडीतून बाहेर येऊन चार मिनिटं चरतं आणि परत आत जातं. पाच मिनिटांपूर्वी रिकामं असलेलं कुरण आता रिकामं असेल असं नाही.

वणव्यात जळलेल्या उतारावर शेकडो काळी खोडं असतात आणि त्यातलं प्रत्येक खोड पहिल्या दिवशी अस्वल असतं. मी वहीत उताराचं ओबडधोबड चित्र काढून खोडांना आकडे देतो. बायको हसते. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता सतरा आणि अठरा नंबरच्या मध्ये एक जास्तीचं खोड दिसलं, तेव्हा मला ते दहा सेकंदांत कळलं. ते खोड गवत खात होतं. गवत ओढताना डोकं बारीक झटका देतं आणि मग वर येतं, गाईसारखंच. ती हालचाल एकदा ओळखीची झाली की दीड किलोमीटरवरूनही कळते.

अजून बसा

इथेच बहुतेक नवखे उठतात आणि इथेच उठायचं नसतं. पिल्लं बरोबर असलेली मादी मारणं बेकायदेशीर आहे. अडचण अशी की पिल्लं आईला चिकटून नसतात. ती झाडावर झोपलेली असतात, ओंडक्यामागे असतात, शंभर यार्ड मागे राहिलेली असतात. माझा नियम किमान तीस मिनिटांचा आहे. सतरा-अठराच्या मधलं ते अस्वल मी सव्वा तास बघितलं. एकटं होतं, अंगाने बरं होतं, वारा अनुकूल होता, सोबती दोनदा म्हणाला की जाऊ या. पन्नासाव्या मिनिटाला त्याने मान वर करून वरच्या फर झाडाकडे बघितलं. दोन पिल्लं खोडावरून पाठमोरी, घसरत खाली आली. एक मधेच अडकलं आणि फांदी चघळत बसलं. आम्ही खिचडी खाल्ली आणि झोपलो.

मादी अशी आपल्या जागी थांबून असते, नर चालता असतो, हे ढोबळमानाने खरं. मेच्या उत्तरार्धात एखादं मोठं अस्वल नाक जमिनीला लावून, न चरता, सरळ रेषेत उतार पार करताना दिसलं तर तो बहुधा नर. मोठ्या नराचे कान डोक्याच्या बाजूंना, एकमेकांपासून लांब आणि छोटे वाटतात, कारण डोकं रुंद असतं. लहान अस्वलाचे कान मिकी माऊससारखे. नराचे पुढचे पाय जाड, मनगटाशी बारीक न होणारे, पोट जमिनीच्या जवळ, चाल डुलत डुलत. नर अस्वल मुततं ते पोटाखाली पुढे, मादी मागे. हसू नका, स्पॉटिंग स्कोपमधून खात्री करायची ही सगळ्यांत पक्की खूण आहे. पहिलंच अस्वल नजरेसमोर असताना तुम्हाला ते हत्तीएवढं दिसणार. लांबलचक केसांमुळेही ते फुगून दिसतं. शंका असेल तर लहान समजा, आणि मादी समजा.

जवळ जाताना

ठरलं की निघायचं, पण त्याआधी समोरच्या उताराचा फोटो काढा आणि अस्वलाजवळची एखादी ठळक खूण, वाकडं झाड, पांढरा कातळ, डोक्यात पक्की करा. पलीकडे पोहोचल्यावर तोच उतार अनोळखी होतो. दोघं असाल तर एकाने मागे बसून दुर्बिणीतून खुणा करायच्या. खुणा आधी ठरवा. आमच्यात एकदा ‘थांब’ आणि ‘डावीकडे’ याची गल्लत झाली आणि मी अस्वलाला ओलांडून पुढे गेलो.

अस्वलाची नजर ठीकठाक, कान चांगले, नाक अचाट. त्यामुळे वारा. दिवसा ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते, म्हणून दुपारी वरून किंवा बाजूने उतरा. उतार सावलीत गेला की ती उलटते आणि खाली वाहायला लागते. ही उलटापालट संध्याकाळी नेमकी तुम्ही निम्म्या वाटेवर असताना होते. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा आणि दर काही मिनिटांनी चिमूटभर उडवून बघा. वारा मानेच्या मागे लागला तर थांबा, मागे फिरा. अस्वल उद्याही तिथेच असण्याची शक्यता बरीच आहे. तुमचा वास त्याच्यापर्यंत गेला तर नाही.

मधला ओढा ओलांडावा लागणार असेल तर सकाळचा विचार आधी करा. बर्फ वितळून ओढे दुपारनंतर फुगतात आणि पहाटे सगळ्यांत कमी असतात. सकाळी उडी मारून ओलांडलेला ओढा संध्याकाळी कमरेएवढा असू शकतो. आणि गोचिडी. वसंतात या उतारांवर त्या भरपूर असतात आणि काही आजार पसरवतात. रोज रात्री अंग तपासा.

रायफल .२७०, .३०८ किंवा .३०-०६, यातल्या कुठल्याही काडतुसाची पुरते. कुठली घ्यावी यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात, मी घालत नाही. हिवाळाभर रेंजवर जाऊन बसून, सॅकवर टेकून, धाप लागलेली असताना सराव करा, आणि ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या थाळीएवढ्या जागेत बसतात तेच तुमचं अंतर. माझं अडीचशे यार्ड आहे. अस्वल पूर्ण आडवं उभं असू द्या, तुमच्या बाजूचा पुढचा पाय पुढे गेलेला असू द्या. नेम खांद्याच्या लगेच मागे, छातीच्या उंचीच्या मधोमध. पोटाखाली लोंबणारे केस म्हणजे शरीर नव्हे, त्यामुळे नेम खाली जाऊ देऊ नका. दाट केस आणि चरबी रक्त शोषून घेतात, माग लागत नाही. म्हणूनच ‘लागेल बहुतेक’ असली गोळी झाडायची नाही.

गोळीनंतर लगेच दुसरी भरा आणि बघत राहा. शेवटचं कुठे दिसलं ती जागा डोळ्यांनी धरून ठेवा. कधीकधी मरताना अस्वल लांब, माणसासारखं कण्हतं. याची कल्पना मला आधी कुणी दिली नव्हती. अर्धा तास थांबा, मग दोघांनी मिळून, वरच्या बाजूने, भरलेली रायफल हातात घेऊन जा. डोळ्याला काठीने स्पर्श करा. पापणी हलली नाही तर काम झालं.

आता पाय लागतात

सगळ्यांत आधी टॅगवरची तारीख कापून तो लावा. फोटो नंतर. आता रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, उतार तिरका असतो आणि जनावर घरंगळायला बघत असतं. दोरीने एक पाय झाडाला बांधून टाका. कातडं काढताना लिंग दाखवणारा अवयव कातड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, हे पहिल्या चिरेआधी आठवा. नंतर आठवून उपयोग नाही. पोट न फाडताही सगळं मांस निघतं: एका कुशीचं कातडं सोडवायचं, पुढचा पाय, मागचा पाय, पाठीचा लांब पट्टा, मान, मग पालटून दुसरी कूस. कोंबडी सोडवलेल्या माणसाला सांधे सापडतात, फक्त इथे कोंबडी शंभर किलोची असते. अशा मध्यम नराचं हाडाविना मांस साधारण ३० किलो आणि डोकं-पंजांसकट ओलं कातडं १५ किलोच्या आसपास भरतं. दोन फेऱ्या धरून चाला.

मांस उष्णतेने नासतं. पिशव्यांत भरून, हवा लागेल असं सावलीत टांगा. उत्तरेकडच्या बर्फाच्या ढिगाचा उपयोग करा, पण मांस भिजू देऊ नका. रात्र तिथेच काढावी लागली तर मांस तंबूपासून निदान शंभर यार्ड दूर, वर, आणि सकाळी लांबून दिसेल अशा जागी. पहाटे तिथे दुसरं कुणी पोहोचलं आहे का, हे जवळ जाण्याआधी दुर्बिणीतून बघायचं असतं. कातडं घरी येईपर्यंत गुंडाळून गरम गाडीत ठेवलंत तर केस गळतात. पसरून गार करा आणि लवकरात लवकर मीठ लावणाऱ्याकडे किंवा फ्रीझरमध्ये पोहोचवा. ते भारतात नेण्याचा विचार मात्र डोक्यातून काढा. काळं अस्वल सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि परवानगीशिवाय त्याचं काहीच सीमेपार नेता येत नाही.

आयडाहोचा कायदा अस्वलाचं मांस घेऊन येण्याची सक्ती करत नाही. मी करतो. जे खाणार नाही ते मारायचं कशाला?

कुकर

अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला हा सूक्ष्म कृमी असू शकतो. त्याच्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत, त्यामुळे ‘दोन महिने फ्रीझरमध्ये होतं’ याला अर्थ नाही. २०२२ साली साउथ डकोटात एका कुटुंबाच्या मेळाव्यात ४५ दिवस गोठवलेल्या अस्वलाचे कबाब झाले. मांसाचा रंग गडद असल्यामुळे ते कच्चं राहिलंय हे कळलं नाही आणि सहा जणांना लागण झाली. त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, त्याच्याबरोबर भाजलेल्या भाज्या फक्त खाल्ल्या होत्या. आतलं तापमान १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस, झालंच पाहिजे. रंगावर जायचं नाही, थर्मामीटर खुपसायचा. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळे ठेवायचे.

इथे मराठी स्वयंपाकघर जिंकतं. जिथे शेजारी स्टेकचा विचार करत बसतो, तिथे आपल्याकडे कुकर आहे. आले-लसूण, हळद, मीठ चोळून रात्रभर ठेवा, कांदा-खोबरं भाजून वाटण करा, काळा मसाला सढळ हाताने. वसंतातलं मांस शरदातल्यापेक्षा कमी चरबीचं असतं, पण धागा जाड, म्हणून मटणापेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त. चव गोमांसाच्या आणि डुकराच्या मधली, थोडी गोडसर. बाहेरची चरबी असेल तर मंद आचेवर वितळवून बरणीत भरा. बुटांच्या कातड्याला तिच्याइतकं चांगलं काही मी पाहिलं नाही.

शेवटचं काम दहा दिवसांच्या आत करायचं असतं: कवटी आणि कातडं वन्यजीव खात्याच्या कचेरीत किंवा त्यांनी नेमलेल्या तपासणी केंद्रावर घेऊन जाणं. तिथे वयाच्या अंदाजासाठी अस्वलाचा एक छोटा दात काढून घेतात. कवटी फ्रीझरमध्ये टाकण्याआधी जबड्यात बोटभर जाडीची काडी आडवी अडकवून ठेवा. मी ठेवली नव्हती. गोठलेला जबडा काही केल्या उघडेना, आणि मला तिथल्या पार्किंगमध्ये मांडीवर कवटी घेऊन, ती सुटेपर्यंत उन्हात दोन तास बसावं लागलं.